कायनेजांची कुळकथा

सार्क हे प्रथिन कोंबड्यांना कर्करोग करणाऱ्या एका विषाणूतलं, तर पीकेए सस्तन प्राण्यांच्या पेशींत गुपचूप राबणारं. एक फॉस्फेट चढवतं टायरोसिन या अमिनो आम्लावर, दुसरं सेरिन-थ्रिओनिनवर. या दोघांचं काही नातं असेल अशी शंकाही सहसा कुणाला आली नसती. १९८२ मध्ये विनोना बार्कर आणि मार्गारेट डेहॉफ यांनी दोघांच्या अमिनो आम्लांच्या माळा शेजारी ठेवल्या, आणि भाऊबंदकी उघड झाली.

नाती जुळवण्याचं काम मग जोरात सुरू झालं. १९८८ मध्ये हँक्स, क्विन आणि हंटर यांनी ६५ कायनेजांचे, म्हणजे अशा फॉस्फेट चढवणाऱ्या प्रथिनांचे, क्रम एकाखाली एक मांडले, दर अमिनो आम्लाला एक अक्षर देऊन. बहुतेक अक्षरं बदलत होती, पण मोजक्या जागा मात्र जशाच्या तशा होत्या. सुरुवातीला ग्लायसिनांची पट्टी, पुढे फॉस्फेट पुरवणाऱ्या एटीपीला धरणारं लायसिन, मधे ‘एचआरडी’, नंतर ‘डीएफजी’. ‘एचआरडी’च्या शेवटच्या ‘डी’पासून पुढची सहा अक्षरं तर ओळखपत्रच म्हणावीत: ‘डीएलकेपीईएन’ दिसलं की सेरिन-थ्रिओनिनवाला, ‘डीएलएएआरएन’ दिसलं की टायरोसिनवाला. नळीत एकही थेंब न टाकता, केवळ कागदावर!

ही अक्षरं तिथेच का टिकली, याचं उत्तर १९९१ मध्ये पीकेएच्या त्रिमितीय रचनेनं दिलं. माळेत एकमेकांपासून लांब असलेले हे तुकडे घडी पडल्यावर एकाच खाचेभोवती जमतात. ‘डीएफजी’तला ‘डी’ तिथे एटीपीसोबतचं मॅग्नेशियम पकडतो. रक्तकर्करोगावरचं इमॅटिनिब हे औषधसुद्धा ‘डीएफजी’ बाहेर वळलेल्या अवस्थेतच एबीएल कायनेजला जखडतं.

२००२ मध्ये मानवी जनुकसंचातल्या ५१८ कायनेजांची यादी आली. त्यातल्या सुमारे पन्नासांत एखादं तरी कळीचं अक्षर गायब होतं. ‘निकामी’ असा शिक्का त्यांच्यावर जरा घाईनंच बसला.

खरं तर सावध राहायला कारण होतं. नेहमीच्या जागी लायसिन नसलेलं एक कायनेज २००० मध्येच सापडलं होतं, आणि त्याचं काम व्यवस्थित चालत होतं. त्याचं लायसिन शेजारच्या ग्लायसिनांच्या पट्टीत सरकलेलं होतं, इतकंच. लायसिनचं अक्षर ‘के’; ते नाही, म्हणजे ‘विथ नो के’, म्हणून त्याचं नाव डब्ल्यूएनके पडलं. पुढच्याच वर्षी या कुटुंबातल्या जनुकांमधले बिघाड आनुवंशिक उच्च रक्तदाबाशी जोडले गेले. २००८ मध्ये कास्क या प्रथिनाची पाळी आली. त्याच्यात ‘डीएफजी’च्या जागी ‘जीएफजी’ आहे, त्यामुळे त्याची गणना निकामींत होत असे. प्रत्यक्षात ते मॅग्नेशियमविनाच फॉस्फेट चढवतं. उलट मॅग्नेशियम मिसळलं की अडखळतं. कायनेजांच्या नेहमीच्या चाचणीत मॅग्नेशियम घातलेलंच असतं.