नाताळचे ताट

डिसेंबर महिना अर्धा सरला, की गोव्याच्या खेड्यापाड्यांतील ख्रिस्ती कुटुंबांत नाताळची लगबग सुरू होते. २५ डिसेंबर हा दिवस येशू ख्रिस्ताचा जन्मदिवस म्हणून पाळला जातो. ‘नाताळ’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आपल्याकडे आला असून, जन्म हाच त्याचा मूळ अर्थ आहे. एका बालकाच्या जन्माच्या या सणात घरातील लहान मुलांना मानाचे स्थान असावे, हे स्वाभाविकच होय.

मुलांचे पहिले काम म्हणजे गोठा उभारणे. बेथलेहेम गावी जन्मलेल्या येशूला गव्हाणीत निजविले होते, असे बायबलात सांगितले आहे. इटली देशातील ग्रेचो या गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली या प्रसंगाचा देखावा उभा केला. पुढे ही प्रथा दूरदूरच्या देशांत पसरली. गोव्यातील मुले गोठ्याभोवतीच्या कुरणासाठी काही दिवस आधीच पसरट भांड्यात नाचणी पेरतात. तिच्यावर रोज पाणी शिंपडण्याचे काम बहुधा घरातील धाकट्याकडे येते. त्याने आळस केला, तर कोवळे कोंब सुकून जातात. म्हणून तोही मोठ्या निष्ठेने आपले काम करतो. थोरली भावंडे बांबूच्या कामट्यांना रंगीत कागद चिकटवून तारा तयार करतात व तो दारी टांगतात.

इकडे स्वयंपाकघरात तांदळाचे पीठ, नारळाचा रस व माडाचा गूळ यांचा दोदोल शिजत असतो. तो तासन् तास ढवळावा लागतो. क्षणभर हात थांबला तरी तळाला लागतो. म्हणून घरातील मोठी माणसे आळीपाळीने ढवळत बसतात. मुलांच्या वाट्याला कलकल येतात. पिठाची लहानशी गोळी काट्याच्या पाठीवर दाबून गुंडाळली, की शंखासारखा आकार होतो. एखादी वाकडीतिकडी झाली, तरी तीही इतरांबरोबर तळली जाते.

हे सर्व पदार्थ एका ताटात मांडून, त्यावर स्वच्छ वस्त्र झाकून, मुलांच्या हाती शेजारी पाठविण्यात येतात. या भेटीला ‘कोंसुआद’ म्हणतात. चतुर्थीला व दिवाळीला ज्या हिंदू शेजाऱ्यांकडून फराळ आलेला असतो, त्यांच्या घरीही हे ताट जाते.

ज्या घरी त्या वर्षी कोणी निवर्तले असेल, तेथे मात्र गोडधोड करीत नाहीत. “त्यांच्याकडून आपल्याला काही आले नाही, मग आपण का द्यावे?” असे एखादे मूल सहज विचारते. तेव्हा वडील माणसे त्याला समजावतात, “त्यांच्या घरी यंदा चुलीवर कढई चढलेली नाही, म्हणूनच आपले ताट तेथे आधी गेले पाहिजे.” ‘कोंसुआद’ या शब्दाचे मूळही सांत्वन करणे या अर्थाच्या लॅटिन शब्दातच आहे. मूल त्या दारी जाते, गलबला न करता दोन्ही हातांनी ताट पुढे करते आणि दुसऱ्याच्या दुःखाची जाणीव घेऊन परत येते.

ज्या सणाला दुःखी घराचा विसर पडत नाही, तोच सर्वांचा सण होय.