पाहुण्यांच्या खोलीतील चादर : धागा, वीण आणि पाणी

विषयाची व्याप्ती

परभणी जिल्ह्यातील सेलू हे कापसाच्या बाजारपेठेचे गाव. मनमाड-परभणी लोहमार्गावरील या गावात कापूस व्यापारी, लग्नाची पाहुणेमंडळी, केशवराज बाबासाहेब महाराजांच्या मंदिराचे भाविक आणि शेजारच्या पाथरीला साईबाबांसाठी जाणारे यात्रेकरू मुक्कामाला येतात. लॉज, भक्तनिवास किंवा घरातील भाड्याने दिलेली खोली, सर्वत्र मुक्काम एक-दोन रात्रींचा असतो. परिणामी घरातील चादर आठवड्यातून एकदा धुतली जात असेल, तर येथील चादर त्याच आठवड्यात तीन-चार वेळा धुतली जाते. अशी चादर वापरण्यापेक्षा धुण्याने अधिक झिजते. म्हणून तिचा टिकाऊपणा ठरवताना धागा, वीण, माप, पाणी आणि ऊन यांचा एकत्र विचार करावा लागतो.

तंतू

जिनिंगमध्ये कापसाची सरकी वेगळी होते आणि रुई उरते. ही रुई १७० किलोच्या गाठींत बांधून सूतगिरणीकडे जाते. रुईची पहिली कसोटी म्हणजे तंतूची लांबी. २७.५ ते ३२ मिलिमीटर लांबीचा कापूस ‘लांब धाग्याचा’ समजतात. मराठवाड्यातील आजचा बहुतेक संकरित कापूस याच गटात येतो. लांब तंतू सुतात अधिक अंतरापर्यंत पिळला जातो, त्यामुळे त्याची टोके कमी निघतात. आखूड तंतूंची टोके वर राहतात, प्रत्येक धुण्यात तुसाच्या रूपाने बाहेर पडतात आणि कापड हळूहळू विरळ होते. आखूड तंतू विंचरून काढलेल्या सुताला बाजारात ‘कोम्ब्ड’ म्हणतात. ते महाग असते, परंतु वारंवार धुण्याच्या कापडात त्याचा लाभ स्पष्ट दिसतो.

सुताचा नंबर

सुताची जाडी ‘नंबर’ किंवा ‘काउंट’ने सांगतात. १ पौंड सुतात ८४० वारांच्या जितक्या लडी बसतात, तितका त्याचा नंबर. म्हणून नंबर जितका मोठा, तितके सूत बारीक. ४० नंबरचे १ पौंड सूत उलगडल्यास सुमारे ३१ किलोमीटर भरते. २० नंबरचे त्याच्या निम्मे. जाड सूत घासण्याला दाद देत नाही, पण चादर जड होते आणि उशिरा वाळते. फार बारीक सूत मऊ असते, मात्र रोजच्या आपटधोपटीत लवकर तुटते. भाड्याच्या खोलीसाठी ३० ते ४० नंबरच्या आसपासचे सूत हा मध्यम मार्ग ठरतो.

धाग्यांची दाटी

उभा धागा म्हणजे ताणा आणि आडवा धागा म्हणजे बाणा. एका चौरस इंचातील दोन्हींची बेरीज म्हणजे ‘थ्रेड काउंट’. पाकिटावर सर्वांत ठळक छापला जाणारा हाच आकडा सर्वांत फसवाही असतो. दोन-तीन बारीक धागे एकत्र पिळून विणलेल्या कापडात काही उत्पादक प्रत्येक धागा स्वतंत्र मोजतात, आणि ३०० ची दाटी कागदावर ६०० होते. एकेरी धाग्याची १८० ते २५० इतकी दाटी रोजच्या धुण्याला पुरेशी असते. चादर उजेडासमोर धरल्यास दाटीचा अंदाज येतो. उजेड एकसारखा झिरपत असेल तर वीण समान आहे. कोठे फिकट पट्टे दिसले, तर कापड त्याच रेषेवर प्रथम फाटण्याचा संभव असतो.

वीण

साध्या विणीत बाण्याचा धागा ताण्याच्या एका धाग्यावरून आणि पुढच्या धाग्याखालून जातो. धागे पावलोपावली एकमेकांना अडकलेले असल्याने ते सहज सरकत नाहीत. सॅटिन विणीत धागा चार धाग्यांवरून जाऊन एकाखाली दडतो. पृष्ठभागावर लांब धागे मोकळे राहतात आणि त्यांच्यामुळेच चमक व गुळगुळीतपणा येतो. पैंजण, बांगडी किंवा बॅगेची चेन यांत अडकून ओढले जातात तेही हेच धागे. आखीव पट्ट्यांची पांढरी हॉटेल-चादर पुष्कळदा या दोन विणींच्या मिश्रणातून बनते. दिसण्यापेक्षा टिकणे महत्त्वाचे असेल, तर साधी वीण अधिक भरवशाची. इचलकरंजीत १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी पहिला यंत्रमाग आणला. त्यातून वाढलेल्या उद्योगाचा मोठा भाग अशाच साध्या विणीच्या सुती कापडावर उभा राहिला.

मिश्र कापड

सूत आणि पॉलिएस्टर यांच्या मिश्रणाला बोलीत टेरीकॉट म्हणतात. सर्वसाधारण हवेत कापूस आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के बाष्प धरून ठेवतो. पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. या एका फरकातून मिश्र कापडाचे बहुतेक गुणदोष निघतात. ते लवकर वाळते, कमी चुरगळते, कमी आकसते. त्याच कारणाने मराठवाड्याच्या मे महिन्यात ते घाम शोषत नाही आणि अंगाला चिकटते. शिवाय घासण्याने सुटलेले सुती तंतू चिवट पॉलिएस्टरच्या तंतूंत अडकून बारीक गोळ्या तयार होतात. पॉलिएस्टर तेलही धरून ठेवते. म्हणून पावसाळ्यासाठी चादर मिश्र घेतली तरी उशीचा अभ्रा सुतीच असणे सोयीचे. केसांचे तेल त्यातूनच सहज निघते.

पांघरूण

पांघरुणाचा प्रश्न वेगळा आहे. सोलापुरी चादरीची नक्षी जकार्ड मागावर रंगीत सुतातून विणलेली असते, छापलेली नसते. त्यामुळे ती धुण्याने पुसली जात नाही. या चादरीला भौगोलिक मानांकनही मिळालेले आहे. परंतु ती भिजल्यावर जड होते आणि दाट विणीमुळे उशिरा वाळते. दर पाहुण्यामागे ती धुणे कठीण पडते. ब्लँकेट आणि दुलईची अडचण याहून मोठी. यावरचा उपाय रेल्वेच्या बेडरोलमध्ये दिसतो. सेलूवरून जाणाऱ्या देवगिरी एक्स्प्रेससारख्या रात्रीच्या गाडीच्या वातानुकूलित डब्यात दोन पांढऱ्या चादरी मिळतात. एक अंथरण्यासाठी, दुसरी अंग आणि ब्लँकेट यांच्यामध्ये घेण्यासाठी. अंगाला लागणारे कापड हलके आणि रोज धुण्याजोगे ठेवायचे, जड कापड त्याच्या आड ठेवायचे, हे त्यामागचे तत्त्व. दुलईला सुती खोळ घातल्यास तेच साधते.

माप आणि आकसणे

बाजारातील एकेरी चादर बहुधा ६० × ९० इंचांची असते. ७५ इंच लांब आणि ४ इंच जाड कापसाच्या गादीला दोन्ही टोकांच्या जाडीसह ८३ इंच लागतात. खोचायला ७ इंच उरतात. पलंगावर ७८ इंच लांब आणि ६ इंच जाड फोमची गादी आली की बरोबर ९० इंच लागतात आणि खोचायला काहीच उरत नाही. त्यात कापड ५ टक्के आकसले तर लांबी साडेपंच्याऐंशी इंचांवर येते. मग चादर रात्रीतून निसटते, ओढली जाते आणि कडांवर ताण पडून शिवण उसवते. कारखान्यात आधीच आकसवलेल्या कापडाला ‘सॅन्फोराइज्ड’ म्हणतात. तसा उल्लेख नसेल तर एक चादर धुऊन, वाळवून पुन्हा मोजणे आणि मगच उरलेली खरेदी करणे हिताचे. चारी कोपऱ्यांना इलॅस्टिक लावलेली चादर निसटत नाही, पण उन्हाने आणि इस्त्रीच्या उष्णतेने ते इलॅस्टिक कापडाच्या आधी मरते.

पाणी

दख्खनच्या बेसाल्ट खडकातील बोअरचे पाणी अनेक ठिकाणी जड असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. पर्यायी स्रोत नसल्यास ६०० पर्यंत सूट आहे. धुण्यासाठी मात्र वरच्या मर्यादेजवळचे पाणी त्रासदायकच. साबण या क्षारांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतो. तो धाग्यांत बसतो, चादर राखाडी आणि ताठर होते, आणि ताठर धागा घडीवर मोडतो. बाटलीत पाणी आणि थोडा साबणाचा चुरा घालून हलवल्यास परीक्षा होते. फेस टिकला तर पाणी हलके. फेसाऐवजी गढूळ साका जमला तर जड. डिटर्जंटचा साका होत नाही, परंतु क्षारांमुळे तो जास्त लागतो. चादर शेवटी साठवलेल्या पावसाच्या किंवा नळाच्या हलक्या पाण्यात खळबळल्यास फरक पडतो. नीळ पिवळेपणा झाकते, घालवत नाही.

डाग

मुक्कामाच्या खोलीत हळद, तेल, चहा आणि कुंकू हे नेहमीचे डाग. हळदीचा पिवळा डाग साबण लागताच लालसर होतो आणि धुणारा घाबरतो. तो नवा डाग नसतो. हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कधर्मी साबणात रंग बदलते. चादर खळबळून उन्हात टाकली की हेच द्रव्य प्रकाशाने विघटित होते आणि डाग फिकटत जातो. तेलाचा डाग याच्या उलट. तो निघण्यापूर्वी इस्त्री फिरली तर पक्का होतो. क्लोरीनयुक्त ब्लीच पांढऱ्या सुती चादरीवर जपून चालते. प्रमाण वाढले की सेल्युलोज दुबळे होऊन भोके पडतात. पाण्यात लोह असेल तर ब्लीचमुळे ते गंजाच्या ठिपक्यांच्या रूपात कापडावरच बसते. रंगीत चादरीत व्हॅट रंग ब्लीच आणि धुणे या दोन्हींपुढे सर्वाधिक टिकतात. पिगमेंटची छपाई घासण्याने उडते.

वाळवण

मराठवाड्याचे ऊन हे फुकटचे वाळवणयंत्र आहे. ते जंतू कमी करते आणि पांढरेपणा राखते. पण रोजचे दिवसभराचे कडक ऊन सुती धाग्यालाही कमकुवत करते, म्हणून वाळलेली चादर दोरीवर ठेवण्यात लाभ नाही. रंगीत चादर सावलीत किंवा उलटी करून वाळवावी लागते. पावसाळ्यात चित्र बदलते. किंचित ओली चादर घडी करून कपाटात गेली की बुरशीचे काळे ठिपके पडतात, कारण सेल्युलोज हे बुरशीचे अन्न आहे. मिश्र कापडाचा खरा उपयोग या चार महिन्यांत होतो.

किती संच

एका खाटेमागे तीन संच ही रूढ पद्धत: एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. १० खाटांच्या भक्तनिवासाला त्यानुसार ३० चादरी लागतात. पावसाळ्यात वाळायला दुप्पट वेळ लागत असल्याने चौथा संच हवा. अभ्रे याहून अधिक ठेवावे लागतात, कारण तेलामुळे ते आधी खराब होतात. धुऊन आलेली चादर ढिगाच्या तळाशी ठेवल्यास सर्व चादरी सारख्या झिजतात. वरच ठेवल्यास त्याच चार चादरी सतत फिरतात. किंमतही धुण्यांच्या संख्येने भागून पाहावी लागते. उदाहरणादाखल, ४०० रुपयांची चादर ८० धुणी टिकली तर एका वापराला ५ रुपये पडतात. ७०० रुपयांची चादर १६० धुणी टिकली तर सुमारे ४ रुपये ३८ पैसे.

झिजेची नोंद

कोणती चादर किती धुणी टिकेल, हे पाकीट सांगू शकत नाही, कारण पाणी, ऊन आणि धुणारा हात प्रत्येक ठिकाणी वेगळा. ही माहिती जुन्या चादरीच देतात. प्रत्येक खरेदीच्या चादरींच्या काठाला वेगळ्या रंगाचा टाका घातला, तर काढून टाकताना तिचे वय कळते आणि झिजेची जागा कारण दाखवते. मधला भाग विरळ झाला असेल तर दोष आखूड तंतूचा. कड उसवली असेल तर मापाचा किंवा शिवणीचा. भोके ब्लीचची, राखाडी ताठरपणा पाण्याचा, गोळ्या मिश्रणाच्या, ओढलेले धागे विणीचे. मध्यभाग विरला तरी कडेचे कापड बहुधा शाबूत असते. दुहेरी चादरीच्या कडांतून अभ्रे निघतात, उरलेला भाग वाकळीच्या थरांत जातो. पुढच्या खरेदीचा निर्णय मात्र त्या रंगीत टाक्यावरून होतो.