हसऱ्या मुलाची आठवण

कर्करोगाने मूल गेलेल्या घरी पुढे कधी त्याच्या आठवणी निघाल्या, म्हणजे वेदनांच्या आधी त्याच्या खोड्या आठवतात. परिचारिकेची त्याने केलेली नक्कल, केस गळाल्यावर आजोबांच्या टकलाशी लावलेली बरोबरी. त्या आठवणीने आईबापांना सुख होते आणि एक टोचणीही लागते: त्याला काहीच कळले नव्हते का?

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत उपचारांसाठी दूरदूरच्या प्रांतांतून मुले येतात. राजधानीलगतच्या झज्जर येथे ह्याच संस्थेने कर्करोगासाठी मोठे रुग्णालय उभारले. तेथे २०२१ साली रुग्ण आणि आप्तांसाठी ८०६ खाटांचे विश्रामसदन सुरू करावे लागले, ह्यावरून परगावच्या मुक्कामाची कल्पना यावी. मुलांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. चाळिशीच्या बापाला हा एक कठीण काळ वाटेल. पाच वर्षांच्या मुलाचे मात्र ते अर्धे आयुष्य. बरे झाल्यावर खेळू, असे म्हणून बाळपणाला थांबता येत नाही.

ही दीर्घ लढाई तशी अलीकडची. १९४७ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर ह्यांनी ह्या रोगाने पीडित बालकांवर ॲमिनॉप्टेरिन हे औषध वापरले. ते तयार करणाऱ्या प्रयोगशाळेचे धुरीण होते आंध्रचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. आराम तात्पुरताच पडला, पण वाट सापडली. पुढे १९६०च्या दशकात व्हिन्क्रिस्टिन आले, तेही आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून! औषध गुणकारी खरे, परंतु ते पायांच्या नसा दुखावते आणि धावणारे मूल अडखळू लागते. स्टिरॉइडच्या गोळ्यांनी चेहरा गोल गरगरीत होतो आणि मध्यरात्री अनावर भूक लागते. एरवी दोन घासांत ताटावरून उठणारे मूल रात्री दोन वाजता खिचडी मागते, तेव्हा स्टोव्ह पेटवणाऱ्या आईला रडावे की हसावे कळत नाही.

मूल हसते ते अज्ञानामुळे, ही मोठ्यांची समजूत. मायरा ब्लूबॉण्ड-लँग्नर ह्या मानवशास्त्रज्ञ विदुषीने अमेरिकेतील एका रुग्णालयात तीन ते नऊ वर्षांच्या अशा मुलांचे बारकाईने निरीक्षण केले. १९७८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या ग्रंथात निराळेच चित्र दिसते. कोणी न सांगताही मुलांना आपली अवस्था उमगलेली असे. परंतु आईबापांना हा विषय सोसवत नाही, हेही त्यांनी ओळखलेले असे. म्हणून तीही काही न कळल्याचे सोंग वठवीत. तेव्हा त्या हसण्यातला काही भाग निखळ बालस्वभावाचा, तर काही आईसाठी मुद्दाम राखलेला असावा, असे मानण्यास जागा आहे.

अर्थात प्रत्येक मूल हसतेच असे नाही. काही मुले भिंतीकडे तोंड करून पडून राहतात, औषध थुंकतात, चिडतात. पाहुण्यांनी त्यांना ‘शूर’ म्हणून शूरपणाची सक्ती करू नये. रडण्याची मोकळीक असली, म्हणजे हसणेही आपल्या वेळी येते.

स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या पूनम बगई ह्यांनी २००४ साली दिल्लीत ‘कॅनकिड्स’ ही संस्था सुरू केली. औषधोपचारांस साह्य करतानाच मुलांचे शिक्षण आणि मनाचा आधार ह्यांकडेही तिने लक्ष दिले. उपचारांत खेळाला जागा का हवी, हे बाहुली हाती दिली म्हणजे आपोआप दिसते. एरवी ज्याच्या शरीरावर सारे निर्णय दुसरेच घेतात, ते मूल आता स्वतः डॉक्टर होते. बाहुलीचा दंड कापसाने पुसते, ‘थोडेसेच दुखेल हं’ असे तिला समजावते आणि मग सुई जरा जोरानेच टोचते.