घर आपलं, पाया कुणाचा?

गेल्या हिवाळ्यात आमच्या जुन्या लॅपटॉपचं वायफाय गेलं. नवा लॅपटॉप घ्यायचा मोह आवरून आम्ही पंधरा पौंडांचं कार्ड मागवलं, चष्मा पुसला, मागचे स्क्रू काढले आणि कार्ड बसवलं. बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर सूचना: हे कार्ड मंजूर यादीत नाही, काढून टाका. पुढे काही होईना. सौ. म्हणाली, "इंजिनिअर ना तुम्ही? मग ते तुमचं का ऐकत नाही?"

प्रश्न वर्मी लागला. कार्डात दोष नव्हता. दुसऱ्या मशीनमध्ये ते मुकाट्याने चाललं. आडवं आलं होतं ते फर्मवेअर, म्हणजे आपण जुनी मंडळी ज्याला बायोस म्हणतो ते. मदरबोर्डवरच्या नखाएवढ्या चिपमध्ये हा प्रोग्रॅम असतो. बटण दाबताच तो आधी उठतो, मेमरी, डिस्क, कीबोर्ड यांना जागं करतो आणि मग विंडोज किंवा लिनक्सच्या हाती कारभार सोपवतो. कोणतं कार्ड चालेल याची यादी कंपनीने त्यातच लिहून ठेवली होती. ती बदलण्याची सोय आम्हाला नव्हती.

इंग्लंडमध्ये घर घेतलेल्यांना लीजहोल्ड म्हणजे काय ते सांगायला नको. फ्लॅट आपला, हप्ते आपण फेडायचे, पण जमीन दुसऱ्याची. खिडकी बदलायची तरी बहुधा परवानगी लागते. लॅपटॉपचंही तसंच आहे. वरचे मजले आपले, पाया कंपनीचा.

त्या पायाखाली तळघरही आहे. २००८ च्या सुमारापासून इंटेलच्या जवळजवळ सगळ्या मशीनमध्ये 'मॅनेजमेंट इंजिन' नावाचा स्वतंत्र छोटा कॉम्प्युटर असतो. मुख्य मशीन झोपलेलं असतानाही तो जागा राहू शकतो. ऑफिसातली शेकडो मशीन दुरून दुरुस्त करता यावीत, हा त्याचा एक उपयोग. हेतू वाईट नाही. पण त्याचा प्रोग्रॅम बंद कुलपात आहे. मे २०१७ मध्ये उघड झालं की ही दुरून दुरुस्तीची सोय चालू असलेल्या मशीनमध्ये पासवर्डच्या जागी काहीच न पाठवता आत शिरता येत होतं! ही चूक कित्येक वर्षं तशीच होती. दुरुस्ती ज्याच्या त्याच्या लॅपटॉप कंपनीकडून येणार. तिने जुन्या मॉडेलकडे पाठ फिरवली की ग्राहकाने करायचं काय?

हे कुलूप उघडायची धडपड जुनी आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८५ मध्ये अमेरिकेत फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन केलं. इथे 'फ्री' म्हणजे फुकट नव्हे, मुक्त: प्रोग्रॅम चालवायला, अभ्यासायला, बदलायला आणि इतरांना द्यायला मोकळा. १९९९ मध्ये लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत मुक्त बायोसचं काम सुरू झालं. त्यालाच आज कोअरबूट म्हणतात. मुलं शाळेत वापरतात ती क्रोमबुकंही त्यावरच सुरू होतात, मात्र त्यांतही चिप कंपन्यांचे काही बंद तुकडे उरतातच.

आणि अभिमानाची गोष्ट म्हणजे, यातलं एक मोठं पाऊल आपल्या ब्रिटनमध्ये पडलं. ग्लगलग नावाचा इथला एक छोटा उद्योग २००६ सालचे थिंकपॅड एक्स-६० घेऊन त्यांचा बायोस काढून मुक्त फर्मवेअर बसवून विकत असे. डिसेंबर २०१३ मध्ये त्या लॅपटॉपला फाउंडेशनचं प्रमाणपत्र मिळालं. असं प्रमाणपत्र मिळालेला तो पहिला लॅपटॉप. त्यातूनच लिब्रेबूट हा प्रकल्प उभा राहिला.

पण मंडळी, नाण्याला दुसरी बाजू आहे. नंतरच्या इंटेल मशीनमधून मॅनेजमेंट इंजिन पूर्ण काढलं तर मशीन अर्ध्या तासात आपोआप बंद पडतं. म्हणून संपूर्ण मुक्ती हवी तर बऱ्याच जुन्या लॅपटॉपवर समाधान मानावं लागतं. २०२२ मध्ये लिब्रेबूटनेही तडजोड स्वीकारली: जिथे इलाजच नाही तिथे कमीत कमी बंद तुकडे चालवून घ्यायचे. काही कट्टर मंडळी रुसली. आम्हाला मात्र तो व्यवहारी शहाणपणा वाटला.

आपण काय करावं? घरी बसून चिप खरवडू नका. चूक झाली तर लॅपटॉपची वीट होते. नवा घेताना मात्र दोन प्रश्न जरूर विचारा: फर्मवेअरची दुरुस्ती किती वर्षं मिळेल? भाग स्वतः बदलता येतील का? ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा नेहमीचा आधार संपला म्हणून धडधाकट लॅपटॉप कचऱ्यात टाकू नका. त्यावर लिनक्स घालून पाहा. पाया कंपनीचाच राहील, पण वरचे मजले तरी नांदते राहतील.

आमच्या लॅपटॉपचं काय झालं? शेवटी आठ पौंडांचा यूएसबी डोंगल लावला. यादीत त्याची चौकशीच नव्हती. सौ.ने विचारलं, "ऐकलं का मग?" म्हटलं, "नाही. आम्ही मागच्या दाराने आत गेलो." स्वतःच्याच घरात!