काइसेकी

काइसेकी ही जपानी पाककलेतील एक पारंपरिक भोजनपद्धती आहे. तिच्यात अनेक लहान पदार्थ ठरावीक क्रमाने, एकामागून एक वाढले जातात. ऋतुमान, घटकांची मूळ चव, भांड्यांची निवड आणि यजमानाचे आतिथ्य यांना या भोजनात सारखेच महत्त्व असते. क्योतो हे शहर या पद्धतीचे प्रमुख केंद्र मानले जाते. काइसेकी वाढणाऱ्या पारंपरिक, उच्च दर्जाच्या भोजनगृहास ‘ऱ्योतेई’ असे म्हणतात. चहाविधीतील काटकसरीच्या जेवणाशी नाते सांगणारी ही पद्धती आज जपानमधील सर्वांत खर्चिक भोजनप्रकारांत गणली जाते.

नाव

जपानी भाषेत ‘काइसेकी’ असा एकच उच्चार असलेले, पण वेगवेगळ्या चित्रलिपीचिन्हांनी लिहिले जाणारे दोन शब्द आहेत. पहिल्याचा अर्थ ‘बैठक’ किंवा ‘मेळाव्याचे आसन’ असा होतो. हा शब्द भोजनगृहांतील मेजवानीसाठी वापरतात. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘उराशी धरलेला दगड’ असा असून तो चहाविधीपूर्वी दिल्या जाणाऱ्या जेवणासाठी योजला जातो. झेन भिक्षू भुकेची जाणीव कमी व्हावी म्हणून ऊन केलेला दगड वस्त्रात पोटापाशी ठेवत, अशी या दुसऱ्या नावामागील परंपरागत कथा आहे. भूक जेमतेम भागेल एवढेच अन्न, असा त्यातील आशय आहे. दोन्हींतील फरक स्पष्ट करण्यासाठी चहाविधीतील जेवणास ‘चा-काइसेकी’ म्हणतात.

इतिहास

काइसेकीवर चार जुन्या परंपरांचा प्रभाव दिसतो: राजदरबारातील भोजन, बौद्ध मठांतील शाकाहारी ‘शोजिन’ पाकपद्धती, मुरोमाची काळात सामुराई वर्गात रूढ झालेली ‘होन्झेन’ ही औपचारिक मेजवानी आणि चहाविधी. होन्झेन मेजवानीत प्रत्येक पाहुण्यापुढे पदार्थांनी भरलेले अनेक छोटे चौरंग मांडले जात. त्यांत वैभवाचे प्रदर्शन अधिक असे व बरेचसे अन्न गार होऊन जाई.

सोळाव्या शतकातील चहाविधीचे आचार्य सेन नो रिक्यू (१५२२–१५९१) यांनी साधेपणावर भर दिला. भात, एक सूप आणि तीन पदार्थ एवढ्यावर जेवण आटोपशीर ठेवावे आणि प्रत्येक पदार्थ तयार होताच वाढावा, हा चा-काइसेकीचा आदर्श त्यांच्या नावाशी जोडला जातो. दाट माच्चा चहा रिकाम्या पोटी घेऊ नये, एवढाच या जेवणाचा हेतू होता.

मेजवानीच्या काइसेकीचा उगम निराळा आहे. एदो काळात (१६०३–१८६८) हाइकाइ या साखळी-काव्याच्या बैठका भरत. त्याच काव्यप्रकाराच्या आरंभीच्या कडव्यातून पुढे हायकू स्वतंत्र झाला. या बैठकांनंतरच्या खानपानाला हळूहळू महत्त्व आले आणि नगरांतील ऱ्योतेईंनी त्यास साकेसह घ्यावयाच्या मेजवानीचे रूप दिले. विसाव्या शतकात कुंभार व पाकतज्ज्ञ किताओजी रोसान्जिन (१८८३–१९५९) यांनी अन्न आणि पात्र यांचा एकत्रित विचार मांडला. ओसाकामध्ये १९३० साली ‘कित्चो’ स्थापन करणारे युकी तेइइची यांनी चहाविधीचे सौंदर्यतत्त्व भोजनगृहात आणले. आजच्या ऱ्योतेईंमधील भोजनात या दोन्ही प्रवाहांचा संगम आढळतो.

भोजनाचा क्रम

भोजनगृहानुसार क्रम बदलतो. तथापि सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो.

• साकिझुके – सुरुवातीचा छोटा घास.
• हास्सुन – ऋतूचा परिचय करून देणारे अनेक लहान पदार्थ. हे नाव आठ ‘सुन’ (सुमारे २४ सेंमी) बाजू असलेल्या चौकोनी तबकावरून पडले आहे.
• मुकोझुके – कच्च्या माशांचे काप (साशिमी).
• वानमोनो – झाकणाच्या लाखकाम केलेल्या वाडग्यातील निवळ सूप. अनेक आचारी यास भोजनगृहाच्या कौशल्याची खरी कसोटी मानतात.
• याकिमोनो – भाजलेला पदार्थ, बहुधा मासा.
• ताकिआवासे – स्वतंत्रपणे शिजवून एकत्र मांडलेल्या भाज्या व त्यांसोबत मासा, मांस किंवा तोफू.
• गोहान, को नो मोनो व तोमेवान – भात, लोणची आणि मिसो सूप.
• मिझुमोनो – फळे किंवा हलका गोड पदार्थ.

भात शेवटी येतो, कारण साके तांदळापासूनच बनते आणि भात वाढला की मद्यपान संपले असे समजले जाते. चा-काइसेकीमध्ये याउलट भात व मिसो सूप आरंभीच वाढतात, तर हास्सुन अखेरीकडे येऊन त्या वेळी यजमान व पाहुणे साकेच्या प्याल्यांची देवाणघेवाण करतात.

चव आणि ऋतू

बहुतेक पदार्थांचा पाया ‘दाशी’ हा अर्क असतो. कोम्बू हे वाळवलेले समुद्रशैवल आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरी देऊन कडक वाळवलेल्या बोनिटो माशाच्या पातळ कातळ्या, यांपासून तो काढतात. क्योतोचे मृदू पाणी त्यासाठी विशेष अनुकूल समजले जाते. कोम्बूच्या दाशीतील चवीचा शोध घेतानाच रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ साली ग्लुटामेट वेगळे केले आणि त्या चवीस ‘उमामी’ हे नाव दिले. तेल आणि तिखट मसाले यांचा वापर मर्यादित असल्याने घटकांचा ताजेपणा लपवता येत नाही.

प्रत्येक घटकाच्या ऐन हंगामास ‘शुन’ म्हणतात. नुकताच बाजारात आलेला माल ‘हाशिरी’ आणि हंगाम सरतानाचा ‘नागोरी’ म्हणून ओळखला जातो. वसंतात बांबूचे कोंब, उन्हाळ्यात आयू व हामो हे मासे, शरदात मात्सुताके अळंबी आणि हिवाळ्यात खेकडे व सलगम हे नेहमीचे घटक होत. हामो हा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावरील वाम माशाच्या कुळातील मासा आहे. त्यात बारीक काटे असंख्य असल्याने आचारी कातडी न तोडता दर ‘सुन’मागे (सुमारे ३ सेंमी) चोवीसच्या आसपास छेद देतो. भांडीही ऋतूप्रमाणे बदलतात. उन्हाळ्यात काचेची व थंडावा सुचवणारी, तर हिवाळ्यात जाड मातीची पात्रे वापरतात.

ऱ्योतेईमधील भोजन व शिष्टाचार

पाहुण्यास पादत्राणे काढून तातामी चटया अंथरलेल्या खासगी दालनात नेले जाते. दालनातील ‘तोकोनोमा’ या कोनाड्यात ऋतूला साजेसे लेखपट व फुले मांडलेली असतात आणि मानाचे आसन त्याच्या समोर असते. भोजनगृहाची व्यवस्था ‘ओकामी’ ही स्त्री पाहते. खाद्ययादी नसते, त्या दिवशीचा माल पाहून आचारी पदार्थ ठरवतो. त्यामुळे आरक्षण आवश्यक असून वर्ज्य पदार्थ व ॲलर्जी आधीच कळवणे अपेक्षित असते. क्योतोतील काही जुनी भोजनगृहे ओळखीच्या शिफारशीवाचून नव्या ग्राहकास प्रवेश देत नाहीत.

उग्र अत्तर टाळावे, कारण निवळ सुपाचा सुगंध त्याखाली दबतो. जुनी पात्रे ओरखडू नयेत म्हणून अंगठ्या काढून ठेवण्याची पद्धत आहे. भातात काड्या उभ्या रोवणे आणि एका काड्यांवरून दुसऱ्या काड्यांवर घास देणे निषिद्ध आहे. दोन्ही कृती अंत्यविधींशी निगडित आहेत. वाडगा हातात उचलून घेणे मात्र शिष्टसंमत आहे. बक्षिसी देण्याची प्रथा नाही. बहुधा सेवाशुल्क देयकात समाविष्ट असते.

शाकाहार

काइसेकीमध्ये भाज्यांचे पदार्थ पुष्कळ असले, तरी ती शाकाहारी पद्धती नव्हे. केवळ भाजी किंवा तोफू दिसणाऱ्या वाडग्यातही माशाची दाशी असते. ‘मांस नको’ एवढेच सांगितल्यास मासे व दाशी वगळली जातील असे गृहीत धरता येत नाही. पूर्ण शाकाहारी व्यक्तींसाठी कोम्बू व वाळवलेल्या शिइताके अळंबीची दाशी वापरणारी शोजिन पाकपद्धती हा पर्याय आहे. तीत कांदा व लसूणही वर्ज्य असतात.

सद्यस्थिती

‘वाशोकु’ अर्थात जपानी पारंपरिक आहारसंस्कृतीचा समावेश युनेस्कोने डिसेंबर २०१३ मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. क्योतोतील ‘किकुनोइ’चे आचारी मुराता योशिहिरो यांचा या प्रयत्नांत पुढाकार होता. १९९०च्या दशकात जपानची आर्थिक भरभराट ओसरल्यावर कंपन्यांच्या खर्चाने होणाऱ्या मेजवान्या घटल्या आणि अनेक ऱ्योतेईंना त्याची झळ बसली. नामांकित ठिकाणी रात्रीच्या जेवणाचा खर्च माणशी काही दहा हजार येनांच्या घरात जातो. दुपारचे जेवण तुलनेने स्वस्त असते. भूक भागवण्यापुरते अन्न या मूळ कल्पनेशी हा खर्च विसंगत असल्याची टीका होते. याउलट हंगामी माल, हस्तनिर्मित पात्रे आणि दीर्घ उमेदवारी यांवर अवलंबून असलेले कुंभार, लाखकाम करणारे कारागीर व शेतकरी या भोजनगृहांमुळेच टिकून आहेत, असे समर्थक मांडतात.