एक बॅक लागला म्हणजे शिक्षण संपले नाही
इंजिनिअरिंगची मार्कशीट घरातल्या मोठ्यांनाही वाचता आली पाहिजे

औंढा नागनाथ तालुक्यातले जवळा बाजार हे बाजारपेठेचे गाव. आसपासच्या खेड्यांतला शेतमाल इथे येतो आणि इथली मुले शिकायला हिंगोली, परभणी, नांदेडला जातात. अशा गावातल्या मुस्लिम घरातून एखादा मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला जाते, तेव्हा अनेकदा त्या खानदानातली ती पहिलीच असते. अब्बांचे दुकान किंवा गॅरेज असते, अम्मी शिवणकाम करत असते. दहावी-बारावीचा निकाल घरातल्या सर्वांना कळतो, कारण तिथे टक्के असतात. इंजिनिअरिंगच्या पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागतो आणि घरात कुणालाच काही कळेनासे होते. टक्के दिसत नाहीत. अक्षरे दिसतात, दशांश चिन्हाचे आकडे दिसतात. मुलगा म्हणतो, "ठीक आहे, अब्बा." अब्बा मान हलवतात.

पुढे जो घोटाळा होतो त्याची सुरुवात इथे होते. एखाद्या घरात दीड वर्ष बॅक लपवला जातो आणि तिसऱ्या वर्षाच्या दारात सगळे उघडे पडते. दुसऱ्या एखाद्या घरात मुलीला एक विषय राहिला एवढ्यावरून "आता पुरे झाले" असे म्हणून तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. दोन्हीकडे मूळ अडचण एकच आहे. नियम काय आहे हे घराला माहीत नाही. म्हणून हा नियम आपण समजून घेऊ. त्यासाठी इंजिनिअर असण्याची गरज नाही.

मार्कशीट कुठून येते?

आपल्या भागातल्या मुलांच्या दोन वाटा असतात. नांदेडला विष्णुपुरीचे श्री गुरू गोबिंद सिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था हे १९८१ सालचे महाविद्यालय आहे. ते स्वायत्त आहे, म्हणजे परीक्षा आणि श्रेणीचे नियम ते स्वतः ठरवते. मराठवाड्यातली बरीच खासगी महाविद्यालये मात्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. मुले त्याला 'बाटू' म्हणतात. १९८९ सालच्या कायद्याने उभे राहिलेले हे विद्यापीठ रायगड जिल्ह्यात लोणेरे इथे आहे. म्हणजे मूल शिकते नांदेडला आणि त्याचा निकाल ठरतो कोकणात. म्हणून पहिले काम हे की, आपले मूल कोणत्या विद्यापीठाच्या नियमांखाली आहे आणि ते महाविद्यालय स्वायत्त आहे का, हे विचारून घ्यावे. शेजारच्या मुलाला लागू असलेला नियम आपल्या मुलाला लागू असेलच असे नाही.

अक्षरांचा अर्थ

विद्यापीठ अनुदान आयोगाने सुचवलेली पद्धत दहा गुणांकांची आहे. सर्वांत वरची श्रेणी 'ओ', तिला १० गुणांक. मग 'ए प्लस'ला ९, 'ए'ला ८, 'बी प्लस'ला ७, 'बी'ला ६, 'सी'ला ५, 'पी'ला ४. 'एफ' म्हणजे नापास, गुणांक शून्य. बाटूची अक्षरे वेगळी आहेत. तिथे 'ईएक्स' सर्वांत वर, खाली 'एए', 'एबी', 'बीबी' असे उतरत 'ईई'पर्यंत. 'ईई' पाहून अनेक पालक घाबरतात, पण 'ईई' म्हणजे पास. नापासाची खूण 'ईएफ'. एका अक्षराचा फरक आहे आणि त्यावरून घरात रडारड होऊ शकते.

प्रत्येक विषयाला 'क्रेडिट' असतात. आठवड्याला एक तास शिकवणी म्हणजे साधारण एक क्रेडिट, प्रात्यक्षिकाच्या दोन तासांचे एक क्रेडिट. ज्या विषयाचे क्रेडिट जास्त, त्याचे निकालातले वजन जास्त.

हिशेब किराणा दुकानातल्या हिशेबासारखाच आहे. समजा, एका मुलीला सहा विषय आहेत. गणित ४ क्रेडिट, गुणांक ६. भौतिकशास्त्र ४ क्रेडिट, गुणांक ७. प्रोग्रामिंग ३ क्रेडिट, गुणांक ८. ड्रॉइंग ३ क्रेडिट, गुणांक ९. वर्कशॉप २ क्रेडिट, गुणांक ९. संवादकौशल्य २ क्रेडिट, गुणांक ८. प्रत्येक ठिकाणी क्रेडिट गुणिले गुणांक केले आणि बेरीज केली तर १३७ येतात. एकूण क्रेडिट १८. भागाकार ७.६१. ही त्या सेमिस्टरची 'एसजीपीए'. सगळ्या सेमिस्टरची मिळून येते ती 'सीजीपीए'.

आता हीच मुलगी गणितात नापास झाली असे धरा. बाकी पाचही विषय जसेच्या तसे, पण भागाकार ७.६१ वरून ६.२८ वर येतो. हा आकडा पाहून "पोरीने काहीच अभ्यास केला नाही" असे म्हणणे अन्याय आहे. पाच विषय तिने चांगले काढले आहेत. पुढच्या परीक्षेत गणितात ५ गुणांक जरी मिळाले, तरी तोच आकडा ७.३९ होतो.

आणखी एक गैरसमज. ७.६१ म्हणजे ७६ टक्के नव्हेत. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या तक्त्यानुसार ६.७५ म्हणजे ६० टक्के आणि ७.७५ म्हणजे ७० टक्के धरतात. त्या हिशेबाने ७.६१ चे साधारण साडेअडुसष्ट टक्के होतात. काही विद्यापीठांचे सूत्र वेगळे असते. नोकरीच्या किंवा शिष्यवृत्तीच्या अर्जात आपल्या विद्यापीठाचेच सूत्र वापरावे.

खरे कुलूप तिसऱ्या वर्षाच्या दाराला

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. एखादा विषय राहिला तरी पुढच्या वर्गात जाता येते, त्याला 'एटीकेटी' म्हणतात. मुले 'केटी लागली' किंवा 'बॅक राहिला' म्हणतात. पहिल्या वर्षातून दुसऱ्यात जाताना बहुतेक ठिकाणी सवलत असते. ठरावीक क्रेडिट मिळाले, किंवा राहिलेले विषय ठरावीक संख्येच्या आत असले, की पुढे जाता येते.

पण महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत साधारणपणे असा नियम आहे की, तिसऱ्या वर्षात जायचे तर पहिल्या वर्षाचा एकही विषय शिल्लक चालत नाही. तसेच चौथ्या वर्षात जायचे तर दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय निघालेले हवेत. घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवायचा नियम तो हाच.

याचा अर्थ असा की, एखाद्या मुलाने दुसऱ्या वर्षाचे सगळे विषय काढले, पण पहिल्या वर्षाचे गणित अजून अडकले आहे, तर त्याला एका विषयासाठी वर्षभर घरी बसावे लागू शकते. मुलांच्या भाषेत 'वायडी' होते, म्हणजे वर्ष खाली जाते. खोलीचे भाडे, मेसचा खर्च, वाया गेलेले वर्ष, सगळे त्या एका विषयापायी. शिष्यवृत्तीचेही तसेच. वाया गेलेल्या वर्षाची फी दुसऱ्यांदा शिष्यवृत्तीतून मिळेल असे धरून चालू नये.

म्हणून बॅक लागला यापेक्षा तो कोणत्या वर्षाचा आहे आणि कधीपर्यंत काढायचा आहे, हा प्रश्न मोठा आहे. मुलाला रागावण्याआधी हे दोन प्रश्न विचारा.

बॅक बहुतेकदा गणित, मेकॅनिक्स, इलेक्ट्रिकल या पहिल्या वर्षाच्या विषयांत लागतो. आपल्या मुलांपैकी बरीच दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमात शिकलेली असतात. गणित त्यांना येत असते, पण प्रश्नाची इंग्रजी भाषा अडवते. पॉलिटेक्निक करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्या मुलांची अडचण वेगळी. पदवीच्या पहिल्या वर्षाचे गणित त्यांनी केलेले नसते आणि दुसऱ्या वर्षाचे गणित त्यावरच उभे असते. अशा मुलांना पहिल्या महिन्यापासून त्या एका विषयाची वेगळी शिकवणी लावून दिली, तर तो खर्च वाया गेलेल्या वर्षापेक्षा कितीतरी कमी असतो.

'कॅरी ऑन'च्या भरवशावर राहू नका

निकालाच्या हंगामात "यंदा कॅरी ऑन मिळणार" अशी चर्चा मुलांत असते. म्हणजे विषय राहिले तरी सर्वांना पुढे ढकलणार. कधी विद्यापीठ एक वेळची सवलत देतेही. पण ती हक्काची नसते.

कोरोनाच्या वेळची हकिकत यासाठी आठवावी. जून २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने अंतिम वर्षाच्या परीक्षा न घेता मागच्या गुणांच्या सरासरीवर पदवी देण्याचे ठरवले. ६ जुलैला विद्यापीठ अनुदान आयोगाने अंतिम वर्षाची परीक्षा घ्यावीच लागेल असे सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २८ ऑगस्ट २०२० रोजी न्यायालयाने निकाल दिला की, राज्याला परीक्षा पुढे ढकलण्याची मागणी करता येईल, पण परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही. एवढ्या मोठ्या संकटातही परीक्षा टळली नाही. मग व्हॉट्सअ‍ॅपवरच्या बातमीवर विसंबून पुस्तक मिटून ठेवणे शहाणपणाचे नाही.

हजेरी आणि उत्तरपत्रिका

अनेक ठिकाणी परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरी लागते. चुलत बहिणीचे लग्न, मामूच्या घरचा कार्यक्रम, ईदला जोडून घेतलेली आठवड्याची सुट्टी, यात हजेरी कधी घसरते ते कळत नाही. बाटूच्या पद्धतीत शंभरपैकी ६० गुण सेमिस्टरअखेरच्या परीक्षेचे, २० मधल्या परीक्षेचे आणि २० वर्गातल्या सततच्या कामाचे असतात. म्हणजे ४० गुण वर्गात हजर राहूनच मिळतात. गेल्या काही वर्षांत रमजान फेब्रुवारी-मार्चकडे सरकला आहे आणि तेव्हाच मधल्या परीक्षा असतात. वेळापत्रक आधी मागवून घ्या आणि त्याप्रमाणे घरचे बेत करा.

निकाल अनपेक्षित लागला तर उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागता येते, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज करता येतो. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ९ ऑगस्ट २०११ रोजी माहितीच्या अधिकाराखाली मान्य केले आहे. मात्र विद्यापीठाची अर्जाची मुदत थोड्याच दिवसांची असते. घरात भांडण मिटेपर्यंत ती निघून जाते.

ऑनर्स म्हणजे काय?

चांगले गुण मिळाले की 'प्रथम श्रेणी विशेष प्रावीण्यासह' अशी पदवी मिळते. 'ऑनर्स' ही त्याहून वेगळी गोष्ट आहे. तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात बी.टेक.साठी १६० क्रेडिट ठेवले. त्यावर आपल्याच शाखेतले २० जादा क्रेडिट केले तर ऑनर्स आणि दुसऱ्या शाखेतले केले तर 'मायनर'. यासाठी बहुतेक ठिकाणी किमान सीजीपीए लागते, बॅक चालत नाही आणि ठरलेल्या सेमिस्टरमध्ये नाव नोंदवावे लागते. शेवटच्या वर्षी जाग आली तर उपयोग नसतो.

हे जादा विषय 'स्वयम्'वरच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांतून करता येतात, विद्यापीठाची मंजुरी असेल तर. तिथे नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, फक्त परीक्षेची फी असते. सुट्टीत जवळा बाजारला आलेली मुलगी घरी बसून आयआयटीच्या प्राध्यापकांचे वर्ग ऐकू शकते. तिला त्यासाठी इंटरनेट हवे, आणि दिवसातले दोन तास असे हवेत की कुणी तिला स्वयंपाकघरातून हाक मारणार नाही.

मुलींविषयी दोन शब्द

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने इतर मागासवर्ग, सामाजिक व शैक्षणिक मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या, ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी व परीक्षा फी माफ झाली आहे. प्रवेश मात्र शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून झालेला हवा. बागवान, तांबोळी, मोमीन, पिंजारी, अत्तार, मणियार अशा अनेक मुस्लिम जमाती महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत आहेत. जात प्रमाणपत्र आणि पडताळणी वेळेवर करून घेतली तर हा लाभ मिळतो. इतकी वाट मोकळी झालेली असताना एका विषयाच्या बॅकवर मुलीला घरी बसवणे हे मोठे नुकसान आहे. तिच्या भावाला बॅक लागला तेव्हा आपण त्याचे शिक्षण बंद केले होते का, हे स्वतःला विचारावे.

दर सेमिस्टरला निकाल लागला की एक संध्याकाळ काढा. मार्कशीट समोर ठेवून मुलालाच समजावून सांगायला लावा. कोणता विषय राहिला, तो कोणत्या वर्षाचा, परीक्षा कधी, अर्जाची शेवटची तारीख कोणती, हजेरी किती. उत्तरे कॅलेंडरवर लिहून ठेवा. आवाज चढवू नका. ज्या घरात खरे सांगितल्यावर मार मिळत नाही, त्या घरातले मूल बॅक लपवत नाही. आणि वेळेत कळलेला बॅक, इन्शाअल्लाह, वेळेत निघतोही.