धुकं, ज्वालामुखी आणि आपण

मागच्या व्याख्यानात आपण 'कारण' या संकल्पनेपाशी थांबलो होतो. आज तिलाच जरा जमिनीवर आणू. 'नैसर्गिक आपत्ती' हा शब्द आपण सहज वापरतो. पण तिच्यात निसर्गाचं किती आणि आपलं किती?

आधी पहाटेचं धुकं घेऊ. हिवाळ्यात रात्री आकाश निरभ्र असलं आणि वारा पडला, की जमीन आपली उष्णता भराभर गमावते. लगतची दमट हवा गार होते, बाष्पाचे बारीक थेंब होऊन तरंगत राहतात. धुकं म्हणजे एवढंच. दृश्यमानता ५० मीटरच्या खाली गेली, की हवामान खातं त्याला अतिदाट धुकं म्हणतं. आता हिशेब करा. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. म्हणजे पुढे उभा असलेला ट्रक दिसल्यापासून हातात दोन सेकंदही नाहीत, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतच त्यातला एक संपतो. धुकं निसर्गाचं खरं, पण वेग आपला.

कुणी म्हणेल, ज्वालामुखीचं काय? तिथे कुठे आपला वेग असतो? तर कोलंबियातला नेवाडो देल रुईझ बघा. १३ नोव्हेंबर १९८५च्या रात्री नऊच्या सुमारास त्याचा उद्रेक झाला. ज्वालामुखींच्या मानाने तो लहानच होता. पण शिखरावरचं बर्फ वितळलं, त्यात राख आणि दगड मिसळले, आणि हा चिखलाचा लोंढा नद्यांच्या खोऱ्यांतून खाली धावला. अर्मेरो गावात पोचायला त्याला दोन तासांहून अधिक वेळ लागला. तरीही सगळे मिळून सुमारे २३,००० लोक गेले.

दोन तास होते, उंच जागा जवळ होती. धोक्याचा नकाशा महिनाभर आधी तयार झाला होता. १८४५ साली असाच लोंढा आला होता आणि त्याच्याच गाळावर हे गाव वसलं होतं. दुपारी राख पडली, तेव्हा लोकांना शांत राहायला सांगण्यात आलं. मग माहिती नव्हती असं आपण कसं म्हणणार? माहिती होती, पण तिचं निर्णयात रूपांतर झालं नाही.

का झालं नाही? कारण इशारा देणाऱ्याला 'लांडगा आला रे आला'ची भीती असते. गाव रिकामं केलं आणि काहीच झालं नाही तर? खर्च होतो, हसं होतं. ही अडचण खोटी नाही. पण दोन चुकांची किंमत सारखी नसते. उगाच रिकामं केलेलं गाव दुसऱ्या दिवशी परत भरतं. न रिकामं केलेलं भरत नाही.

१९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनाटुबोच्या वेळी शास्त्रज्ञांनाही पक्की खात्री नव्हती. तरी हजारो लोकांना हलवलं गेलं, आणि हजारो जीव वाचले.

तत्त्वज्ञानात आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, की ज्ञान म्हणजे खात्री. आज वाटतं, तेवढं पुरेसं नाही. खात्री नसतानाही शहाणपणाने वागता येतं. आपल्यापुरतं बोलायचं तर दाट धुक्यात तासभर उशिरा निघणं, हेही तेच शहाणपण.

आता राहिला प्रश्न जबाबदारीचा. तो पुढच्या व्याख्यानात घेऊ.